न आलेलं अवधाण

मुंबईहून परत आली तेव्हा कृष्णाबाईचे गाल चांगले गरगरीत झाले होते, आणि गावानं ठरवून टाकलं की सुनेनं सासूला तुपाशी जेवू घातलं. तूप कसलं, डोंबलाचं! सून कोकिळा शिवडीच्या त्या खोलीत तिच्याशी धड एक वाक्य बोलली नव्हती.

गाल आले होते ते गोळ्यांनी. सांधेवातानं बाईची बोटं वाकडी झाली होती, गुडघे धरले होते, सकाळी लुगड्याची गाठ मारायची तर रडू यायचं. मुलगा दयाराम गोदीत कामाला. त्यानं तिला लाँचनं नेऊन मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. तिथल्या डॉक्टरनं नव्यानंच निघालेल्या गोळ्या दिल्या आणि थोड्याच दिवसांत बाई चक्क मांडी घालून जेवायला बसली.

इथंच राहा, असं दयाराम म्हणाला. एकदाच, आणि तेही दुसरीकडे बघत. कृष्णाबाई काही दुधखुळी नव्हती. त्या खोलीत माणसं भरपूर होती आणि बोलायला एक नव्हतं. खाडीकाठच्या आपल्या झोपडीत कोणी नाही, हे निदान उघड तरी होतं. मिठागरात पाट्या उचलता येतायत तोवर कुणाच्या दारात पडून राहायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं. म्हणजे सगळी भिस्त पायांवर.

फाल्गुनात बांधावर कालवाची शिंप तिच्या तळव्यात घुसली. मिठागरात असल्या जखमांना कोण भीक घालतं? तिथलं माणूस जखमेकडे बघतच नाही, जांघ चाचपून बघतं. पायात पू धरला की जांघेत दुखरी गाठ येते, तिला अवधाण म्हणतात. अवधाण आलं की काम सोडायचं, ताप चढला की दवाखाना गाठायचा. नाही आलं तर पाटी डोक्यावर. बापजाद्यांपासूनचा हा हिशेब कधी चुकला नव्हता.

कृष्णाबाई आंघोळीच्या वेळी जांघ चाचपायची. गाठ नाही. अंग गार. दुखणंही नावापुरतं. तळवा मात्र काळा पडत चालला होता, आणि चिंधी सोडली की वास यायचा. तिला तो मिठागराच्या चिखलाचाच वाटला. दुसऱ्या कुणाला तो दारातच कळला असता, पण दारात येत होतं कोण? हिचे हात चालत नव्हते तेव्हा शेजारची कमळ पाणी भरून द्यायची, वेणी घालायची. म्हातारी ठणठणीत झाली आणि तिचं येणं सुटलं. बरं होण्यात ही एक खोट असते बघा. संध्याकाळी कृष्णाबाई उंबऱ्यात बसून बांधावरून कोणी येतंय का ते बघायची, आणि दुखत होतं तेच दिवस बरे होते, असं तिला खरोखर वाटायचं.

मग एके सकाळी पाय टेकेना. पाटी कलंडली, मीठ सांडलं. मुकादम बाबाजी तिला उचलायला वाकला आणि धोतराचा सोगा नाकाला लावून मागं सरला. त्यानंच बैलगाडीत घालून तिला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं.

तिथल्या डॉक्टरनं पाय बघितला, गोळ्यांची पुडी बघितली आणि कपाळाला हात लावला. मग त्यानं तिला नीट समजावलं. आपल्या रक्तात राखणदार असतात. कुठं घाण शिरली की ते एकमेकांना हाका मारतात, धावून जातात. सूज, ताप, अवधाण, सगळं त्यांच्या त्या हाकांनी येतं. तुमचे राखणदार पिसाळून तुमच्याच सांध्यांवर तुटून पडले होते. त्यांना आवरणारा एक रस शरीर स्वतःच करत असतं. ही गोळी त्याच जातीची, पण फार जबर. तिनं त्यांची तोंडंच बंद केली. सांधे सुटले, पण पायात विष भिनलं तेव्हा हाक मारायला कोणी उरलं नाही. एवढीशी जखम झाली तरी लगेच दाखवायची, हे मुंबईत सांगितलं नव्हतं का?

सांगितलं असेल. दयारामला सांगितलं असेल. त्याला गोदीतल्या पाळीवर जायची घाई होती. त्यानं आईला एवढंच बजावलं की गोळी चुकवू नकोस, आणि तिनं एकही चुकवली नव्हती.

पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल, डॉक्टर म्हणाला. घरचं कोण आहे ते सांगा, तार करतो, सहीला बोलावून घेतो.

कृष्णाबाईला रडू नाही आलं, राग आला. दयाराम येईल, रोज बुडाला म्हणून आधी चिडेल, मग लोकलाजेनं तिला घेऊन जाईल. मोरीशेजारी तिचं अंथरूण पडेल आणि येता-जाता सगळे ते ओलांडतील.

"कोनी न्हाय," ती म्हणाली. "कोनी न्हाय म्हून लिवा."

डॉक्टरनं पुन्हा विचारलं, मूलबाळ, भाऊ, पुतण्या, कोणीतरी असेलच की. तिनं मान हलवली आणि सहीच्या जागी उठवायला स्वतःचा अंगठा पुढं केला. आपण खोटं बोलतोय असं तिला जरासुद्धा वाटलं नाही.