डाव्या हाताने आशीर्वाद देणारी देवी

अल्लीपूरच्या बाजाराच्या मैदानात देवी लाकडातून बाहेर येत होती, आणि ती येताना कोणी शिंकायचं नाही असा नियम होता. भर उन्हाळ्यात, मिरचीच्या ढिगांशेजारी, हा नियम पाळणं सोपं नव्हतं. तरी लोक नाकाला पदर आणि दुपट्टे लावून उभे होते. मांडवात चौरंग, चौरंगावर सागवानाची सपाट फळी, फळीवर पळीपळीने पडणारं कोमट पाणी, आणि पाण्याखालून हळूहळू वर येणारं एक नाक.

"आलं. नाक आलं," पुढच्याने मागच्याला सांगितलं.

"कोनाचं?"

"देवीचं. मंग का तुह्या सासऱ्याचं?"

चौरंगामागे काष्ठानंद महाराज बसले होते. गाव त्यांना फळीमहाराज म्हणत असे, आणि ते त्यांना आवडतही असे. ते गोरे होते, भरलेले होते, आणि ज्याला जेवण वेळेवर मिळतं अशा माणसाच्या शांतपणाने बोलत होते.

"लाकूड मेलं, पण लाकडाची तहान मेली नाही. हे लाकूड आजार पितं. आजार पिऊन आतल्या देवीला जागा देतं. देवी बाहेर, रोग बाहेर."

रोग बाहेर पडताना सगळ्यांना दिसत होता. फळीवरून खाली ताटात पिवळट पाणी ओघळत होतं. त्या पाण्याला मुंग्या लागत, तर महाराज म्हणत, आजार गोड झाला. रोग्याच्या नावाने फळी घरी न्यायची आणि रोज पळीभर पाणी घालायचं. पाणी कोमटच हवं, कढत नको, देवी भाजते. बोट लावायचं नाही, घासायचं नाही, देवी लाजते. आणि सगळ्यात मोठी अट ही, की फळी आजार पीत असताना रोग्याने डॉक्टरच्या औषधाचा कण घ्यायचा नाही. औषध आणि देवी एका अंगात नांदत नाहीत.

गर्दीच्या कडेला बॅग पायाशी ठेवून सुलोचना उभी होती. ती पुण्याहून रजेवर आली होती. एसटीने मैदानाजवळ उतरवलं आणि गर्दीने वाट दिली नाही, म्हणून ती थांबली. नाकानंतर कपाळ आलं. मग हात आला. आशीर्वाद देणारा हात, आणि तो डावा.

एका म्हातारीनेही ते पाहिलं. "महाराज, देवी डाव्या हातानं काऊन आशीर्वाद देऊन राह्यली? अन् नथ उजव्या नाकात?"

"माय, लाकडाच्या आत देवी पाठमोरी असते. वळून बाहेर येते, म्हणून डावं-उजवं फिरतं."

"व्हय नं," म्हातारीने मान डोलावली. पाठमोरं माणूस वळलं की त्याची नथ दुसऱ्या नाकपुडीत जाते का, हे तिने शेजारणीला वळवून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण शेजारीण शिंक दाबण्यात गुंतली होती.

सुलोचना मात्र त्या हाताकडे पाहतच राहिली. तो हात तिने काढला होता.

पुण्याजवळच्या ज्या कारखान्यात ती नोकरीला होती, तिथे लाकडावर कोरीव काम करणारं एक यंत्र आलं होतं. कॉम्प्युटर सांगेल तिथे आणि तेवढं खोल त्याचं पातं उतरे. पण कॉम्प्युटरला नाक म्हणजे काय हे कुठे ठाऊक? ते सांगणं सुलोचनाचं काम. ती कागदावर देवी काढी, त्यावर बारीक चौकटी आखी, आणि प्रत्येक चौकटीत आकडा लिही: इथे पात्याने किती खोल जायचं. नाकाच्या शेंड्यावर जेमतेम, गालावर थोडं, मानेजवळ बरंच. डोंगरांच्या नकाशात उंची दाखवतात, तसंच हे. ते आकडे कागदी पट्टीवर भोकांच्या रूपात उतरत आणि पट्टी यंत्रात जाई. तिचा भाऊ रूपराव गावात सांगताना याचं वर्णन "सुतारकी, पन खुर्चीवर बसून" असं करी.

ही देवी दारांच्या फळ्यांसाठी होती. यंत्र बसवणाऱ्याने एका मोटरच्या तारा उलट जोडल्या. पातं उजवीकडे जायचं ते डावीकडे गेलं, आणि रात्रपाळीत अख्खा माल आरशातल्यासारखा उलटा कोरून निघाला. त्यातच पट्टीला एक भोक जास्तीचं पडलं होतं, त्यामुळे ओठाच्या कोपऱ्याशी पातं नको तितकं खोल गेलं आणि ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा पडला. डाव्या हाताने आशीर्वाद देणारी देवी दारावर कोण लावणार? माल भंगारात गेला. भंगारातून तो कोणाच्या हातून कुठे गेला हे सुलोचनाला माहीत नव्हतं. आता दिसत होतं.

ती हसली असती. गोष्ट हसण्यासारखीच होती. पण ती घरी पोचली आणि हसू गेलं.

ओसरीवर लीलाबाई, तिची वहिनी, भिंतीला टेकून बसली होती. दिवाळीत पाहिली तेव्हा अंगावर मांस होतं. आता नुसते डोळे होते. समोर पाटावर फळी, हातात पळी.

"ये व सुलू," ती म्हणाली. "देवीचं नाक आलं, माहा जीव चालला." आणि खोकत राहिली. पदर तोंडाशी नेला, पाहिला, दुमडून मुठीत धरला. सुलोचनाने मूठ उघडली. पदरावर रक्त होतं.

"गोळ्या?"

"फडताळात. महाराजांनी बंद करायले लावल्या."

सेवाग्रामच्या दवाखान्यात टीबी निघाला होता. गोळ्या सुरू झाल्या तसा ताप गेला होता, भूक लागली होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. अर्धवट सोडल्या तर रोग निगरगट्ट होऊन परत येतो. रूपरावने डॉक्टरांपुढे मान डोलावली होती. नंतर महाराजांपुढेही डोलावली. त्याची मान सगळ्यांची मर्जी राखणारी होती.

"दादा, हे कारखान्यातलं भंगार आहे," सुलोचना म्हणाली. "ही देवी म्या काढली."

"तू काढली? देवी तू काढली?" रूपराव उठून उभा राहिला. "पुन्याले चार बुकं शिकली तं देवाची माय झाली का? हात नोको लावू तिले. अर्धी राह्यली तं?"

"वहिनी मरन तं?"

"नत्थूजीची सून बरी झाली फळीनं."

"तिले काय झालतं?"

"डोकं दुखे."

सुलोचनाने वहिनीकडे पाहिलं. "तू काऊन गप? घे नं गोळी. कोन पाहून राह्यलं?"

लीलाबाई श्वास जमवत बोलली. "मले बी जगायचं आहे, बाई. पन गोळी घेतली अन् देवी अर्धी राह्यली, तं सारं गाव म्हनन का हिच्याच मनात पाप होतं. मंग मी बरी झाली तरी कोन पानी पीन माह्या हातचं? पह्यले त्याईचं तोंड बंद कर. मंग मी तोंड उघडतो."

दुसऱ्या दिवशी सुलोचना मांडवात गेली ती खडू घेऊन. रूपराव तिला अडवायला मागोमाग आला. सगळ्यांसमोर अडवावं की नाही हे ठरेना, म्हणून नुसता मागे उभा राहिला.

"महाराज, मले एक कोरी फळी पाहिजे," ती म्हणाली. "आतली देवी कशी आहे थे मी आधीच सांगतो."

मांडवाचे अध्यक्ष नत्थूजी पुढे आले. गावात काहीही झालं तरी त्याचे अध्यक्ष नत्थूजीच असत. "पोरी, बाईमानसानं अशी जबान चालवू नये. जाय घरी."

"भेता कायले, काका? देवी खरी असन तं माहं हसं होईन."

गर्दीला हे पटलं. कोणाचं तरी हसं होणार, हे कळल्यावर गर्दी सहसा आड येत नाही. "देऊन टाका एक फळी," मागून आवाज आला. "तोंडावर पडन तं घरी जाईन."

महाराजांनी फळी दिली. न देऊन चाललं नसतं. सुलोचनाने ती सपाट, रेघारेघांची फळी सगळ्यांना फिरवून दाखवली आणि खडू चालवला. इथे नाकाचा शेंडा. इथे नथ, उजव्या बाजूला. इथे डावा पंजा, ही पाच बोटं. उजव्या हातात कमळ. आणि ओठाच्या या कोपऱ्यात, जिथे तिने फुली मारली, ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा.

"तो देवीचा तीळ आहे," महाराज घाईने म्हणाले.

"म्हंजे तुमाले बी मालूम आहे," सुलोचना म्हणाली. "आता पह्यले नाक येईन, मंग कपाळ, मंग पंजा, मान सगळ्यात शेवटी. कारन मानीजवळ जास्त खोल कोरलं आहे. रामाजी, तुमची किटली आना."

रामाजीची चहाची टपरी मांडवाला लागून होती. भक्तीमुळे त्याचा धंदा बरा चालला होता, त्यामुळे तो कोणाच्याच विरुद्ध नव्हता. त्याने किटली आणली. नुसतं पाणी, खळखळ उकळलेलं.

"कढत नाही, कढत नाही," महाराज उठले. अडचण आली की ते हिंदीत शिरत. "बेटी, पाप लगेगा. देवी का कोप होगा."

"माह्यावर होईन. तुमी बसा."

तिने पाणी ओतलं आणि लुगड्याच्या चिंधीने फळी खसाखसा घासली. सपाट लाकूड चिखलासारखं सुटलं. लाकडाच्या रेघा म्हणून लोक ज्यांना नमस्कार करत, त्या काथाच्या रेघा होत्या. त्या आधी वाहून गेल्या. मग भुसा, डिंक आणि गुळाचं पाणी कालवून भरलेला लगदा. ज्या नाकाला घरी पंधरवडा लागे ते घोटभर चहा पिऊन होण्याआधी वर आलं. मग कपाळ. मग पंजा. खडू पुसला गेला होता, पण त्या पाच बोटांची जागा लोकांच्या ध्यानात होती. कालच्या म्हातारीने पुढे होऊन खळग्यात करंगळी घातली. बसली.

एक जण शिंकला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आता सांगा," सुलोचना म्हणाली, "हे फळी कोनाच्याच नावानं नाई घेतली. मंग हे पिवळं पानी कोनाचा आजार आहे?"

रामाजी म्हणाला, "किटली माही आहे, पन मले तं काईच आजार नाई."

हसू पिकलं. नत्थूजींनी तेवढ्यात मार्ग काढला. "अरे, चमत्कार तं वाढला. किती लवकर आली देवी. पोरीच्या हाताले गुन आहे."

सुलोचनाला राग आला. इतका वेळ आला नव्हता. "काका, ढिगातल्या साऱ्या फळ्या आना. कोनाच्याही हातानं धुवा. साऱ्याईत हेच देवी निंगन, हेच खळगा घेऊन. हे देवीची करनी नाई. एका मोटरीचे तार उलटे लागले, त्याचा हा माल. घरी माही वहिनी रक्त थुंकून राह्यली, अन् तुमी तिले गुळाचं पानी सांडायले बसवलं. तिच्या गोळ्या बंद केल्या. थे मेली असती तं म्हनले असते, तिचा भाव कमी पडला."

यावर नत्थूजींनी महाराजांकडे पाहिलं. महाराज आवराआवर करू लागले. त्यांना पुलगावला एका भक्ताच्या घरी तातडीने जायचं होतं. ते उठले तेव्हा म्हातारीने त्यांचा हात धरला. पाया पडायला नव्हे. तिने त्यांची बोटं उन्हात धरली आणि नखांत अडकलेला भुसा चारचौघांना दाखवला. मग हात सोडून पदराला बोटं पुसली.

सगळं गाव त्या दिवशी शहाणं झालं, असं सांगायला आवडलं असतं. झालं नाही. काही जण सुलोचनावर चिडूनच घरी गेले, कारण फुकट गेलेल्या श्रद्धेपेक्षा ती फुकट गेली हे सांगणाऱ्याचा राग जास्त येतो. नत्थूजी संध्याकाळी म्हणत होते की आपल्याला पहिल्यापासून संशय होता.

रूपराव घरी आला, ओसरीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "लीले, थे..."

मांडवातलं वर्तमान त्याच्याआधी घरी पोचलं होतं. लीलाबाईने चुलीवर गंजभर पाणी उकळत ठेवलं होतं. ती भिंत धरत उठली, नवऱ्याने हात पुढे केला तो तिने घेतला नाही, आणि गंजातलं आधण स्वतः फळीवर ओतलं. घासायची ताकद नव्हती, म्हणून पायाने घासलं. लगदा अंगणात वाहून गेला. ओठ, कमळ, मान, सगळं वर आलं.

"झाली पुरी," ती म्हणाली. "आता कोनी म्हनू नये अर्धी राह्यली. काढा माह्या गोळ्या."

सकाळी पहिल्या गाडीने तिघं सेवाग्रामला गेली. डॉक्टर रूपरावला पुष्कळ बोलले आणि तो मान न हलवता ऐकत राहिला. थुंकी तपासायला घेतली. औषधं पहिल्यापासून सुरू करावी लागणार होती, कोर्स लांबणार होता, आणि फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येईलच असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्यांनी गोळी तळहातावर ठेवली. लीलाबाईने ती सगळ्यांसमोर घेतली.

वाचकहो, देवाला हात जोडायचे त्यांनी खुशाल जोडावेत. इथे भांडण देवाशी नाही. पण कोणी चमत्कार दाखवला, तर ही अट का आणि ती अट का, हे विचारा. पाणी कोमटच का? बोट का लावायचं नाही? खऱ्या गोष्टीला घासल्याने काही होत नाही. आणि जो तुमच्या माणसाचं औषध बंद करायला सांगतो, त्याला महाराज, बुवा, बाबा, काहीही म्हणत असाल तरी त्याच्यापुढून उठा, माणसाला गाडीत बसवा आणि दवाखान्यात न्या. विचार करायला वाटेत वेळ मिळतो.