संपादकांनी स्वतः पाहिले

रावपुऱ्यातली 'जीवशोध पत्रिका' पंचवीस वर्षं चालली ती एका नियमावर. संपादकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही छापायचं नाही. प्रत्येक लेखाखाली तशी ओळ असे आणि ओळीखाली दामोदरपंतांची सही. त्या सहीवर विसंबून लांबलांबचे वैद्य, शेतकी अधिकारी आणि मास्तर पत्रिका घेत. पंतांपुढे थापाड्यांची डाळ शिजत नाही, असं बडोद्यात म्हणत.

मुलींच्या शाळेतल्या अहल्याबाई थापाड्या नव्हत्या, तरी त्यांचा लेख दोनदा परत आला होता. पाणपिसवांची, म्हणजे पाण्यातल्या टाचणीच्या टोकाएवढ्या जिवांची, अंडी डबक्याच्या वाळलेल्या चिखलात जिवंत राहतात आणि पाणी मिळालं की आतलं पिल्लू वाढू लागतं, असं त्यांचं म्हणणं. पंतांनी दोन्ही वेळा सूक्ष्मदर्शकातून बघून शेरा मारला, 'पाहिले, आढळले नाही.' तेव्हापासून शाळातपासनीस सुभानराव त्यांना 'पिसूबाई' म्हणत. यंदा लेख छापला नाही, तर शाळेतली प्रयोगाची खोली बंद करीन, असं त्यांनी बजावलं होतं. आज ते मुद्दाम पत्रिकेच्या कचेरीत येऊन बसले होते. दुसऱ्याची फजिती बघायला माणसाला सवड बरी सापडते.

अहल्याबाईंनी सूक्ष्मदर्शक खिडकीशी मांडला, आरसा उजेडाकडे फिरवला. चार दिवस भिजवलेलं अंडं थेंबभर पाण्यात घेऊन त्या काचपट्टी खालून पुसत होत्या, तोच पंत पुढे होऊन वाकले.

"वा," ते म्हणाले. "छान दिसतंय. पिल्लाचं काळीज कसं धडधडतंय." आणि त्यांनी सही करायला टाक घेतला.

काचपट्टी अहल्याबाईंच्या हातातच होती.

भिंगाखाली काही नव्हतं. पंतांना दिसतच नव्हतं. मग ते दोन्ही वेळचं 'आढळले नाही' तेही असंच. बाईंचे कान तापले. या न दिसणाऱ्या डोळ्यांपायी दोन वर्षं आपलं हसं झालं, आणि आता तेच डोळे हवी ती सही देत होते. पट्टी गुपचूप सरकवली की झालं. सुभानरावांना कळणार नव्हतं. शिवाय लेखात खोटं काहीच नव्हतं.

पंतांचा हात दौत शोधत टेबलाची कड चाचपत होता. ते बघून बाई थबकल्या. आपल्यासारखे आणखी किती परत गेले असतील? न बघता किती छापून गेलं असेल? ते वाचून कुणी वैद्य औषध देत असेल.

"पंत," त्या म्हणाल्या, "काचपट्टी अजून माझ्या हातात आहे."

पंतांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी टाक खाली ठेवला.

"मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं लपवला. बाईंची खोली जाऊ नये म्हणून आज 'दिसतंय' म्हणालो. सुभानराव, तुम्ही बघा. तुमचा विश्वास नाही, तेव्हा सही तुमचीच हवी."

"पण नियम संपादकांचा आहे ने?" सुभानरावांनी आपल्या गुजराती वळणाने विचारलं.

"नियम बघण्याचा आहे."

थेंब आटत आला होता. बाईंनी त्यात पाणी सोडलं आणि पट्टी भिंगाखाली सरकवली. एकदा वाढू लागलेलं पिल्लू सुकलं असेल तर सगळंच संपलं. सुभानराव वाकले.

"काळा ठिपका आहे नुसता."

"जरा थांबा, रावसाहेब."

ते थांबले. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग हळूच म्हणाले, "सारू, बरं आहे. हलतंय खरं." त्यांनी सही केली आणि टोपी उचलून निघून गेले. पिसूबाई मात्र म्हणाले नाहीत.

"परत पाठवलेले लेख पुन्हा मागवायला हवेत," पंत म्हणाले. "छापलेलेही तपासायचे. तुम्ही बघाल?"

"बघेन."

पंत जरा घुटमळले. "आणि हे... कसं दिसतं हो?"

बाईंचा राग अजून गेला नव्हता. तरी त्यांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, भिंगाला डोळा लावला आणि काय काय दिसतंय ते त्यांना सांगू लागल्या.