दुहेरी गाठ

रुमालाच्या कोपऱ्यातली गाठ दुहेरी होती, आणि दुहेरी गाठ ती कधीच मारत नसे... एकेरी गाठ म्हणजे आजचं काम आज, दोन कोपऱ्यांना दोन गाठी म्हणजे दोन कामं, कॉलरच्या आत निळ्या दोऱ्याचा वेढा म्हणजे डॉक्टरांचे कपडे, पिवळ्याचा म्हणजे मास्तरांचे. सगळी लॉन्ड्री तिने अशी गाठींवर आणि दोऱ्यांवर चालवली, पन्नास वर्षं, एक अक्षर न लिहिता, आणि एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर गेला असं एकदाही झालं नाही. एकदाही! दुसरीच्या वर्गातून उठवून आईने धुण्याच्या दगडापाशी उभं केलं, तेव्हा अक्षरं राहिली ती राहिलीच. पण गाठ कधी खोटं बोलली नाही. आणि आता ही बघा – ओल्यावर मारून वाळलेली, घट्ट, नखाला दाद न देणारी. कशाची मारली? कधी? माझ्याच हातची आहे, दुसऱ्या कुणाला असा पीळ जमत नाही... पण गाठ गप्प.

"आई, निघायचं ना? दहाच मिनिटं राहिलीत," सून खालून, दुकानातून ओरडली.

"दहा मिनिटांत मी दोन चादरींना इस्त्री करते. तू तोंडाला पावडर लाव तोवर."

"मी पावडर लावत नाही, आई."

"म्हणूनच सांगतेय."

आज प्रार्थनाघरात मंडळी जमायचा दिवस. मागच्या मंडळीला आठ दिवस झाले आणि ते आठ दिवस तिने कसे काढले हे तिचं तिलाच ठाऊक. जिना उतरताना कठड्यावर हात ठेवायचा नाही असं ठरवून तिने हात ठेवला.

त्यांच्या प्रार्थनाघरातली रीत साधी आहे. मास्तर ग्रंथातलं पान वाचतात, वाचून झालं की ग्रंथ मिटतात, आणि मग सगळे गप्प बसतात. घंटा नाही, घड्याळ नाही. किती वेळ गप्प बसायचं हे कुणी ठरवत नाही – मंडळीतल्या सगळ्यांत वडील बाईला आतून वाटेल तेव्हा ती उठणीचं गाणं सुरू करते. पहिली ओळ तिची एकटीची, दुसरीला सगळे उभे राहतात, गाणं संपलं की घरी जायला मोकळे. तिच्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही. छप्पर खाली आलं तरी नाही. अकरा वर्षं हा मान तिचा होता आणि अकरा वर्षं तिला वाटत आलं होतं की ही साठ-सत्तर माणसं शेवटी तिच्या गळ्यावर घरी जातात... ती नसती तर बसलीच असती तशी, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.

आणि मागच्या वेळी तिने उठणीचं सोडून निरोपाचं गाणं सुरू केलं.

निरोपाचं! माणूस गेल्यावर, त्याला बाहेर नेण्याआधी म्हणतात ते, एरवी जे कुणी ओठांवरसुद्धा आणत नाही. पहिली ओळ खड्या आवाजात, भिंतीला धडकून परत येईल अशी गेली तिच्या तोंडून, आणि दुसऱ्या ओळीला सगळे उभे राहिले. सगळे. चारही कडवी म्हणाले. शेवटचं हळू म्हणायचं ते हळू म्हणाले. शेवटी मान खाली घालायची ती घातली. चौथ्या कडव्याच्या मध्यावर तिच्या लक्षात आलं तेव्हा थांबायची सोय नव्हती... धुणं अर्धं पिळून कुणी टाकून देतं का? तिने ते शेवटपर्यंत पिळलं.

मग कुणीतरी हसायला हवं होतं. हसले असते तर एकाला दोन ऐकवली असती, तिथल्या तिथे मिटलं असतं. पण कुणी हसलं नाही. आणि तो नळवाला – जो स्वतःच्या लग्नातही वाकुल्या दाखवत उभा होता – त्याने दारात निमूटपणे तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. त्या चपलांनी घात केला. दया आली की माणसं चपला सरळ करतात.

दुकानात टेबलावर एक मोठी चादर घडी व्हायची राहिली होती. हॉटेलची, दोघांनी धरायची. तिने ती उचलली, दोन टोकं हनुवटीखाली दाबली, दोन हातांत ताणून धरली. ह्यांच्या मागे अशाच एकटीने घातल्या घड्या. ह्यांना जाऊन वीस वर्षं झाली, हनुवटी अजून तेवढीच कडक आहे.

"द्या इकडे एक टोक," सून म्हणाली.

"सोड. सुरकुती पडेल."

सुनेने सोडलं. चौदा वर्षं ती असंच सोडत आली आहे, आणि चौदा वर्षं मी म्हणते आहे की ह्या बाईला धरणं माहीत नाही.

रस्त्यात सून अर्धं पाऊल मागे चालत होती – पुढे नाही, बरोबर नाही, मागे, म्हणजे पडलेच तर झेलायला. कळत नाही का मला? चांभाराच्या दुकानापाशी तिने मुद्दाम पाय झपझप टाकले आणि दम लागला तो नाकातच जिरवला. ठरलं होतं तिचं. आज गाणं सुरू करायचं नाही. मान शिंपिणीला द्यायचा, आपणहून, सगळ्यांच्या देखत, कुणी काढून घेण्याआधी. शिंपीण वयाने दुसरी; पाच वर्षांनी लहान असं ती सांगते, माझ्या अंदाजाने तीनच. तिचा आवाज म्हणजे तेल न घातलेली शिलाईची मशीन, पण अक्कल जागेवर आहे. माझी नाही. हे म्हणून बघितलं तिने मनातल्या मनात – माझी नाही – आणि तोंड कडू झालं. देईन, आणि मग मागच्या बाकावर बसेन, भिंतीला पाठ लावून, आणि पुढच्या महिन्यापासून येणारही नाही... कशाला यायचं? फक्त बसायला?

प्रार्थनाघर म्हणजे एक लांबट खोली. बाक ह्यांनी केलेले, जुन्या पेट्यांच्या लाकडाचे. तिसऱ्या बाकाला अजून एक गाठ वर आलेली आहे, तिच्यावर बसणारा प्रत्येक जण पाच मिनिटांत सरकतो, आणि ती गाठ रंध्याने खाली घ्यायचं ह्यांनी जन्मभर उद्यावर टाकलं. ती आत शिरली तशी तिला नेहमीप्रमाणे आधी माणसं नाही, पाठी दिसल्या. डॉक्टरांची कॉलर उसवायला आलीय. मास्तरांनी कोपराला ठिगळ स्वतःच लावलंय, आणि कसं लावलंय! नळवाल्याच्या बायकोने मुलीच्या झग्याची दुमड सोडली आहे, म्हणजे पोरगी वाढली. ह्या खोलीतला एकही डाग तिला परका नव्हता. कुणाला घाम कुठे येतो, कोण जेवताना सांडतं, कोण गेल्या वर्षापासून बारीक होत चाललंय – सांगायची बिशाद नव्हती त्यांची, पण कपडे सांगायचे.

शिंपीण पहिल्या बाकावर आधीच येऊन बसली होती. तीस वर्षांची चढाओढ. कपडा आटला की शिंपीण म्हणणार धुण्यात आटला, मी म्हणणार बेततानाच हात आखडला.

"सरक," ती बाकापाशी येऊन म्हणाली.

"बस की. बाक तुझ्या नवऱ्याने केलाय, माझ्या नाही."

"आज तू सुरू कर."

शिंपिणीने चष्म्यावरून बघितलं. "काय?"

"गाणं. आजपासून तू. माझ्याने नाही व्हायचं."

"का, घसा बसला?"

"सोंग करू नकोस गं. मागच्या वेळी काय म्हटलं मी?"

"तू जे म्हटलंस तेच आम्ही म्हटलं."

"कोण मेलं होतं?"

"मला काय माहीत? वाटलं, तुला ठाऊक असेल. मी घरी जाऊन आमच्या ह्यांना हलवून बघितलं."

हसायचं नव्हतं, पण आलं, नाकातून, घोड्यासारखं. आठ दिवसांत पहिल्यांदा. तिने रुमाल तोंडाला लावला तर गाठच दाताखाली आली.

"थट्टा पुरे. पहिल्यांदा चुकले म्हणून तुम्ही सांभाळून घेतलंत, पण—"

शिंपीण चष्मा पुसत होती. ती थांबली. जरा जास्तच थांबली. "पहिल्यांदा?" म्हणाली, आणि जीभ चावली, पण चावायला उशीर झाला होता.

"सांग."

"जाऊ दे ना."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"अगं... उन्हाळ्यात एकदा तू एकच कडवं तीनदा म्हटलंस. मग आम्हीही तीनदा म्हटलं. आणि गेल्या महिन्यात पाऊण तास बसलो होतो, गप्प."

"पाऊण तास!"

"मास्तरांच्या पायाला मुंग्या आल्या. पोरं झोपली. मला तर बरंच वाटलं, घरी जाऊन चूलच फुंकायची होती."

"मग तू का नाही सुरू केलंस?"

"तू बसली असताना?" शिंपिणीने असं बघितलं, जसं काही तिने भर सभेत परकर सोडायला सांगितला. "वेड लागलंय का मला?"

"कुणी ठरवलं हे? कुठे बसून ठरवलंत, माझ्यामागे?"

"कुणी नाही ठरवलं. ते तीनदाचं झालं ना, तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. तुझ्या सुनेने आवाज लावला. तिसऱ्यांदा तेच कडवं, चांगलं मोठ्याने, मान वर करून. तिचं बघून आम्ही." आणि चष्मा नाकावर चढवून, "गाते चांगली. तू कधी सांगितलं नाहीस."

मास्तरांनी ग्रंथ उघडला.

वाचन तिच्या कानांवरून गेलं, आत आलं नाही. पाऊण तास. तिला तर तो पाणी उकळण्याइतकाच वाटला होता. म्हणजे ती इथे बसून कुठेतरी गेली होती, आणि तिला सोडून कुणी घरी गेलं नव्हतं... दुकानं होती त्यांची, लेकरं होती, डॉक्टरांचे पेशंट होते. बसले. आणि संपल्यावर एकानेही मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं नसणार, नाहीतर माझ्या नजरेतून सुटलं नसतं. का सुटलं असेलही. आता काय सांगावं?

राग यायला हवा होता. तिने वाट बघितली त्याची. राग हा तिचा घरचा माणूस, हाक मारायचीही गरज नाही. पण आज तो आला नाही. तिने मान वळवून मागे बघितलं. तिसऱ्या बाकावर, नेमकी त्या वर आलेल्या लाकडाच्या गाठीवर, सून बसली होती. सरकली नव्हती. तिच्या पदराला खांद्यावर एक मोठी सुरकुती होती – सगळ्या गावाच्या कपड्यांना इस्त्री करून हिचा स्वतःचा राहतो, रोज राहतो, आणि मी रोज तिला त्यावरून बोलते. सून समोर बघत होती, ग्रंथाकडे, जणू आपल्याला काही ठाऊकच नाही. मानी आहे. अगदी माझ्यासारखी मानी आहे ही बया, आणि मी समजत होते की बावळट आहे.

मास्तरांनी ग्रंथ मिटला.

शांतता पसरली. शिंपीण हात मांडीवर ठेवून, ओठ घट्ट मिटून बसली, म्हणजे आपला काही संबंध नाही. तेव्हा तिला कळलं की मान देता येत नाही. घेणारं कुणी नाही इथे. बाक करकरले आणि थांबले; कुणीतरी खोकला गिळला; मग तेही नाही. अकरा वर्षं ही शांतता तिला आपली वाटत आली होती – एकटीने हनुवटीखाली धरलेली, दोन हातांत ताणलेली, सुटली तर धुळीत जाईल अशी. आणि आता तिला चादरीची दुसरी बाजू दिसली. किती हात होते तिथे... किती दिवसांपासून होते? ह्यांना नेलं त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तेव्हाही गाणं झालंच होतं ना? कुणी म्हटलं होतं? तेव्हा तिने विचारलं नव्हतं. ते कोपरे कुणी धरलेत म्हणून तिने कधीच विचारलं नव्हतं. आपल्या बाजूला सुरकुती पडू दिली नाही एवढ्याच तोऱ्यात राहिली, आणि चादर आपली सरळच्या सरळ.

डोळ्यांना काहीतरी झालं. स्टार्चची पूड उडाली की होतं तसं. पण इथे कुठली पूड?

बोटं आपोआप रुमालातल्या गाठीवर गेली. आठ दिवस नखं लावून सुटली नव्हती, कारण ती ओढत होती. आता नुसती चोळत राहिली, ओल लागली होती तिला मघाच्या हसण्याची, आणि एक पदर सैल झाला, मग दुसरा. कोपऱ्याला चुरगळलेला भाग राहिला, बाकी काही नाही. कशाची होती ते आठवलं नाही. महत्त्वाचं असेल. घरी जाऊन सुनेला विचारेन – विचारेन, हा शब्द तिच्या मनात नव्या चपलेसारखा करकरला – तिला ठाऊक असेल, आणि नसलं तर दोघी मिळून शोधू.

कुणी उठलं नाही. मागे एका पोराने काही विचारलं आणि त्याला कुणी दटावलं नाही, नुसतं जवळ घेतल्याचं ऐकू आलं. किती वेळ झाला असेल? पाणी उकळण्याइतका, की पाऊण तास? असेल काहीही. ह्या माणसांना घाई नव्हती, म्हणून तिलाही नव्हती. शेवटी एक ओळ आली, नेहमी येते तशी, छातीच्या खालून. उठणीची की निरोपाची हे तिने उलटून बघितलं नाही.

तिने श्वास घेतला – आणि पाठीमागे, तिसऱ्या बाकावरून आधी आणि मग सगळ्या खोलीभर, इतक्या वर्षांत तिने कधी न ऐकलेला एक आवाज झाला. त्यांनीही तिच्याबरोबर श्वास घेतला होता.