पान दोनवरची किझा

आमच्याकडे जुळ्यांची नावं ठरलेली असतात आणि त्यांच्या पाठीवर जे मूल येतं, मुलगा असो की मुलगी, ते किझा. म्हणजे मी. माझं नाव सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, "जुळी कुठायत?" आईला अख्खं मसाका शहर नालोंगो म्हणतं, जुळ्यांची आई. किझाची आई असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

म्हणून एडिसाआत्या भुताची कादंबरी लिहायला बसली तेव्हा मी हट्टच धरला. "त्यात मला घाल. आणि आमच्या जुळ्यांचं, बबिर्ये-नकातोचं, नखसुद्धा दिसता कामा नये." आत्या शाळेत भूगोल शिकवते, पण दिलेला शब्द पाळते.

पुस्तक आलं. 'किंचाळणारी विहीर', दोनशे चौदा पानं. फणसाखाली बसून मी ते एका बैठकीत वाचलं. पान दोनवर नायिका नामुलीची धाकटी बहीण दारात उभी राहते, नाव किझा. ते पान मी सातदा वाचलं. मग पुढे गेले आणि माझं तोंड उतरत गेलं. विहिरीत रडतंय कोण हे शोधत नामुली कंदील घेऊन फिरते, तीनदा बेशुद्ध पडते, एक देखणा मुलगा खिडकीत येऊन उगाचच उसासे टाकतो, आणि शेवटी कळतं की रडणारी म्हणजे नामुलीची लहानपणी बुडालेली जुळी बहीण. घरच्यांनी नामुलीचं नाव बदलून ती म्हणे सगळ्यांपासून लपवली होती. लपवली कपाळ! धाकटीला घरभर किझा, किझा म्हणून हाका मारतायत!

"मला पान दोनवरच कळलं," बबिर्ये म्हणाली.

"बघ गं," नकातो म्हणाली, "तुझ्या पुस्तकातसुद्धा आम्ही तुझ्या आधी."

दोघी खिदळल्या. मला खरंच रडू येत होतं, पण यांच्यासमोर रडायला मी काय विहिरीतली आहे?

रविवारी तिघी आत्याकडे गेलो. ती अंगणात चटईवर बसून मटोकेची हिरवी केळी सोलत होती. रीतीप्रमाणे मी गुडघे टेकले आणि टेकल्याटेकल्याच म्हणाले, "आत्या, पुस्तक फसलंय."

"कुठे गं?"

"पान दोन. पोरीचं नाव किझा. मग जुळी लपतील कशी?"

आत्याची सुरी थांबली. "अगं बाई! आधी ती नाब्बोसा होती. छापायला द्यायच्या दिवशी तुझा हट्ट आठवला, म्हणून घाईघाईत नाव बदललं. तू खूश होशील म्हणून."

म्हणजे आत्याचं पुस्तक माझ्यामुळे बुडालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुढच्या महिन्यात परत छापायचंय," आत्या म्हणाली. "पुन्हा नाब्बोसा करू? रहस्य तरी वाचेल. तूच सांग."

"कर, कर!" बबिर्ये म्हणाली. "किझाला काढ!"

मी एक केळं उचललं, सोललं, दुसरं सोललं. बोटं चिकाने काळी झाली. अख्ख्या जगात ते एकच पान माझं होतं.

"किझा राहू दे," मी म्हणाले. "जुळी काढ."

"मग विहिरीत कोण?"

"कुणी नाही. विहिरीत वारा. नामुलीच्या घरात जुळी कधी झालीच नाहीत." मी आत्याकडे रोखून बघितलं. "मग पान दोनवर दारात उभी राहिलेली ही किझा आली कुठून?"

आत्याने काटा आलेला दंड हळूच चोळला. "म्हणजे भूत..."

"पान दोनपासून त्यांच्यात बसून जेवतंय. आणि जुळी कुठायत, हे एकानेही विचारलं नाही."

नवं पुस्तक आलं तेव्हा दोघी फणसाखाली डोक्याला डोकं लावून वाचायला बसल्या. पान दोनवर नकातो म्हणाली, "ह्या, परत जुळी!" मी शेंगा फोडत राहिले. दोनशे पानं त्या जुळ्यांची वाट बघत होत्या. पुस्तक मिटलं तेव्हा दोघींचे चेहरे बघण्यासारखे होते.

"ए किझा," बबिर्ये जरा सरकून बसत म्हणाली, "तू आमचीच ना गं?"

"मला काय विचारता?" मी शेंगदाणा तोंडात टाकला. "जा, किझाच्या आईला विचारा."