बोहनीनंतर या

सुहासिनीने कडी काढली, पण दार उघडलं नाही. हातात दुधाची रिकामी केटली होती. समोर हरिभाऊंच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला, तरी ती थांबली. पहिलं गिऱ्हाईक येईल, पैसे देईल, हरिभाऊ नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकतील आणि मग तिने बाहेर पडायचं. दिवसाच्या या पहिल्या विक्रीला पोलाद कारखान्याच्या गावातल्या कॅंप-१ वस्तीच्या बाजारात बोहनी म्हणतात. बोहनीआधी विधवेचं तोंड दिसलं तर दिवसभर धंदा होत नाही, अशी समजूत. तिचा नवरा नरेश वारल्यापासून घरातला सकाळचा चहा रोज उशिरा होई, तो एवढ्यासाठीच.

तिची सासू ठकूबाई यावर चकार शब्द काढत नसे. नरेश पाळण्यात असतानाच तिचा नवरा रेल्वेच्या यार्डात अपघातात गेला होता. तेव्हापासून कोणी गावाला निघालं की ती कोणी न सांगताच आतल्या खोलीत जायची. बसक्या चौकटीतून जाताना माणूस आपोआप वाकतो, तसं ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. नरेशची वरात निघाली तेव्हाही ती आतच होती. बँड लांब गेल्यावर बाहेर आली.

इकडे बाजार मरत चालला होता. मॉलने आणि मोबाइलवरच्या खरेदीने गिऱ्हाईक नेलं, दुकानदारांची मुलं रायपूर-पुण्याला गेली. बंद शटरांवर कोचिंग क्लासच्या जाहिराती थरांवर थर चढत होत्या आणि खालच्या फटींत लाल धूळ साचत होती. शेवटी दुकानदार मंडळाची बैठक बसली. हरिभाऊ अध्यक्ष. मंडळाच्या मालकीचे बंद गाळे, जो खरंच चालवेल त्याला द्यायचे, असं ठरलं. त्यात नरेशचं पंखे-कूलर दुरुस्तीचं दुकानही होतं.

सुहासिनीने तो गाळा मागितला. तिला तिथे तर्री पोहे विकायचे होते. रोज सकाळी दाराआड थांबावं लागत असल्यामुळे खिडकीतून एक गोष्ट तिने पाहून ठेवली होती: प्लँटच्या सकाळच्या पाळीचे ठेक्यावरचे मजूर याच रस्त्याने सायकली मारत जातात आणि वाटेत त्यांना गरम काही मिळत नाही. बैठकीला ती पातेलं भरून पोहे आणि हरभऱ्याची लाल तर्री घेऊन गेली. सगळ्यांनी मागून मागून खाल्लं.

हात धुऊन झाल्यावर हरिभाऊ म्हणाले, "वहिनी, गाळा तुमालेच देऊ. फक्त अकरानंतर उघडा. सगळ्यायची बोहनी होऊन जाऊ द्या."

"अकराले पोहे कोण खाते, भाऊ?"

मोबाइलवाला पियूष, ज्याने बाजार सुधारायचा सगळा आराखडा लॅपटॉपवर केला होता, तो समजुतीने पुढे सरकला. "काकू, मैं तो ये सब मानताच नाही. पण मार्केटचा सेंटिमेंट असते ना. तुम्ही समोसे ठेवा, दुपारी मस्त चालतात."

"माह्या हातचे पोहे आता खाल्ले तुमी. कोणाचा घास अडकला?"

मागे कोणीतरी हसलं. हरिभाऊ मात्र म्हणाले, खाणं वेगळं आणि बोहनी वेगळी. अट मान्य नसेल तर एक टाइल्सवाला गाळा गोदामासाठी मागून राहिला होता. म्हणजे शटर बंदच राहणार होतं, पण भाड्याने.

घरी येऊन सुहासिनीने बॅग काढली. जवळच कुम्हारीला तिचा भाऊ होता. त्याच्या बायकोला स्वयंपाकघरात हात हवाच होता, हे त्याने नरेशच्या तेराव्यालाच सांगून टाकलं होतं. तिथे पोट भरलं असतं, पण स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नसतं.

ठकूबाई तांदूळ निवडत होती. "आयकून घे त्याह्यचं," ती म्हणाली. "मी नाही काढले का दिवस?"

"काढले ना, आई. नरेशच्या वरातीलेही तुमी आत बसल्या. तरी तो गेलाच."

बोलून गेल्यावर सुहासिनीला वाईट वाटलं. ठकूबाईची बोटं तांदळात खडा सापडल्यासारखी थांबली. सुहासिनीने बॅग उचलून पुन्हा कपाटावर ठेवली आणि हरभरे भिजत घातले.

सकाळी बाजारात पहिलं शटर नरेशच्या दुकानाचं उघडलं. किल्ली अजून घरातच होती, पण शटर गंजून अडकलं होतं. सुहासिनीने खोबरेल तेल सोडलं, खांदा लावला. तर्रीला उकळी आली तेव्हा हरिभाऊ किल्ल्या घेऊन आले. अर्धं शटर वर केल्यावर त्यांची नजर समोर गेली आणि त्यांनी ते परत खाली ओढलं. पियूषनेही ओढलं. मग ओळीने आणखी काहींनी. सायकलवाले मजूर वासाने हळू झाले, पण खाली येणारी शटरं पाहून त्यांनी पुन्हा पायडल मारलं. सुहासिनीने पोह्यांवर झाकण ठेवलं.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. इतक्या वर्षांत बोहनीआधी रस्त्यावर न आलेली ठकूबाई भिंतीच्या कडेने नाही, रस्त्याच्या मधोमध चालत आली. एकेका शटरासमोरून, सावकाश. हरिभाऊंपाशी थांबली.

"हरी, तुह्यी माय तुले माह्या मांडीवर टाकून सकाळी भाजी विकाले बसे. तवा मी विधवाच होती. तिची बोहनी रोज व्हायची."

हरिभाऊंनी मान खाली घालून शटर जरासं उचललं आणि वाकून ते आत शिरले. फट राहील इतकं शटर त्यांनी मागून ओढून घेतलं.

ठकूबाई गाळ्यासमोरच्या फळीवर बसली. "दे पोहे. तर्री जास्त टाक." खाऊन तिने पदराची गाठ सोडली आणि चुरगळलेली नोट पुढे केली. "घे. बोहनी माही."

सासूकडून पैसे घ्यायला सुहासिनी कचरली. मग तिने नोट घेतली, कपाळाला लावली आणि रिकाम्या डब्यात ठेवली. पुढे गेलेला एक सायकलवाला वळून परत आला.

त्या सकाळी बाजारातली बंद शटरं मोजायला कोणी आलं असतं, तर गिऱ्हाईक नाही म्हणून बंद कोणती आणि समोर बाई उभी आहे म्हणून ओढलेली कोणती, हे त्याला बाहेरून कळलं नसतं. हरिभाऊंच्या शटराखालच्या फटीतून त्यांचे दोन पाय दिसत होते. आत अंधारात उभे राहून ते शुभ तोंडाच्या माणसाची वाट पाहत होते.