उत्तेजनार्थ सामना

"हे लोक मॅच बघतच नाहीत," राजन टीव्हीकडे बोट रोखून म्हणाला. "मी लिहून देतो. हॉटेलात बसतात, चांगलंचुंगलं खातात आणि आधीच ठरलेली नावं वाचून दाखवतात."

"तू तरी कुठे बघतोस?" पद्मजा शंकरपाळ्यांची पोळी लाटत म्हणाली. "अर्धा वेळ बँडमध्ये लेकीलाच शोधत असतोस."

हे खरं होतं. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या त्या घरात अमेरिकन फुटबॉल शिरला तो मृण्मयीच्या ट्यूबामागून. पोरगी शिकायला अमेरिकेत गेली, विद्यापीठाच्या बँडमध्ये दाखल झाली आणि ते पितळी धूड अजगरासारखं अंगाभोवती गुंडाळून दर शनिवारी मैदानावर उतरू लागली. अधूनमधून काही दांडगी मुलं एका लांबट चेंडूवरून एकमेकांच्या अंगावर पडत. राजननं आधी बँड बघितला, मग नाइलाजानं खेळ बघितला, आणि शेवटी त्याचा जीव रमला तो क्रमवारीत. कारण क्रमवारीत त्याला काळंबेरं दिसलं.

काळंबेरं शोधणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदाच होता. रॉटरडॅमच्या बंदरासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत तो टेस्टर होता. दुसऱ्यानं 'झालं' म्हटलं की ते झालेलं नसतं, या एका श्रद्धेवर त्याचा संसार उभा होता. दुधाच्या डब्यावरची तारीख तो वाचे, आणि मग दूध हुंगून बघे.

त्यातून हा प्रकार तर आयताच सापडला. संघ शंभराच्या वर. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्य नाही. म्हणून एक कमिटी बंद खोलीत बसते, कोण कुणापेक्षा चांगलं ते ठरवते आणि बारा संघांना पुढे धाडते. त्यांच्यातला शेवटी जिंकेल तो चॅम्पियन. शेजारच्या हेंकला त्यानं हे सगळं कुंपणावरून समजावून सांगितलं होतं.

"पण गुण का मोजत नाहीत?" हेंकनं विचारलं.

"जिंकलेले सामने मोजतात. पण मग त्यावर विचार करतात."

हेंकनंही विचार केला. "म्हणजे सौंदर्यस्पर्धा," तो म्हणाला आणि आपली सायकल पुसू लागला.

मृण्मयीचा संघ यंदा बाराच्या उंबऱ्यावर लटकत होता. रोज सकाळी ट्राममध्ये बसलं की राजन लेकीला मेसेज पाठवी. 'आपण ज्यांना हरवलं ते आपल्या वर कसे? डाव आहे हा.' ती हसणारे चेहरे पाठवी. आणि मोबाइल खिशात टाकल्यावर राजन मनोमन प्रार्थना करी की, देवा, कमिटी खरोखरच लबाड निघू दे.

कारण संघ बारात आला, की बँड त्याच्यासोबत जाणार आणि पोरगी ख्रिसमसला घरी येणार नाही. नाही आला, तर येणार. आणि ती आली की दिवाळी. ती गेल्यापासून या घरातली दिवाळी डिसेंबरात होई. ऑक्टोबरात टांगलेला आकाशकंदील न पेटता खिडकीत वाट बघत राही. बटण मृण्मयीनं दाबायचं, असा रिवाजच पडला होता. हेंकला तो ख्रिसमसचा तारा वाटे. दुरुस्त करून देऊ का, असं त्यानं दोनदा विचारलं होतं.

"एक विचारू?" पद्मजानं लाटणं थांबवलं. "तुला ते बारात यायला हवेत, की नकोत?"

"म्हणजे काय! हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

टीव्हीवर नावं सुरू झाली. दहावं. अकरावं. बारावं. मृण्मयीचं विद्यापीठ नव्हतंच.

"अन्याय!" राजननं टेबलावर मूठ आपटली. "दिवसाढवळ्या अन्याय!"

"हसू आवर," पद्मजा म्हणाली. "कानापर्यंत गेलंय."

राजन गुणगुणत मागच्या शेडमध्ये गेला आणि मृण्मयीच्या सायकलमध्ये हवा भरू लागला. पुढचं चाक टणक झालं, तेवढ्यात तिचा फोन आला.

"बाबा, पाहिलंस? सगळे रडतायत इथे."

"रडणारच. चोर आहेत लेकाचे! बरं, तिकीट कुठल्या तारखेचं काढू?"

"अरे, तेच सांगायचंय. वी गॉट अनदर गेम! सव्वीसला. चॅम्पियनशिपचा नाही, छोटासा."

"उत्तेजनार्थ," राजन म्हणाला.

"म्हणजे?"

"काही नाही. बोल."

"अर्धाच बँड जाणारे. ख्रिसमस आहे ना."

राजननं कान टवकारले. "मग अर्धा कोण निवडणार? कमिटी?"

"नो, नो. सरांनी विचारलं, कोण थांबेल? मी फर्स्ट हात वर केला." ती एका दमात बोलत होती. "तू रोज एवढे मेसेज करतोस, बाबा. माझ्या एकाही फ्रेंडचा बाबा एवढं करत नाही. म्हटलं, टीमसोबत नाही गेले तर तू काय म्हणशील? आर यू हॅपी?"

राजननं पंपाची नळी काढली. चाकातून थोडी हवा फुस्सकन गेली.

"अर्थात," तो म्हणाला. "प्रश्न आहे का? तत्त्वाची गोष्ट आहे."

तो आत आला तेव्हा पहिला घाणा कढईत होता.

"नाही येत ती," तो म्हणाला. "दुसरा एक सामना आहे. अर्धाच बँड नेतायत. त्यांच्या कमिटीनं तिची निवड केली."

"त्यात काळंबेरं नाही वाटतं?"

"नाही. विचार करूनच ठरवलं असणार."

पद्मजानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या तोंडून कुठल्याही कमिटीबद्दल असं वाक्य तिनं पूर्वी ऐकलं नव्हतं.

"कितीजण होते कमिटीत?"

"एकच," राजन म्हणाला.

तिनं झाऱ्यानं शंकरपाळे निथळून ताटलीत काढले.

सव्वीसला संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसले. मध्ये शंकरपाळ्यांची ताटली होती. मध्यंतराला कॅमेरा बँडवरून भर्रकन फिरला. पितळी अजगरांची एक ओळ चमकली. टोप्या भुवयांपर्यंत, तोंडं वाद्यांआड, सगळे सारखे.

"ती बघ!" पद्मजा म्हणाली. "डावीकडून तिसरी."

कॅमेरा केव्हाच पुढे गेला होता.

"हो," राजन म्हणाला. "तीच."

मग तो उठला आणि त्यानं कंदिलाचं बटण दाबलं. बाहेर कुत्र्याला फिरवायला निघालेल्या हेंकनं खिडकीकडे पाहून अंगठा वर केला. तारा एकदाचा दुरुस्त झाला होता.