स्क्रू धरेल असं लाकूड

आपली नवी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, मागे घेताना गिऱ्हाइकाने ती आप्पांच्या जुन्या कॅराव्हॅनवर घातली आणि दोघींनाही पोचे पाडून मोकळा झाला.

सुनेने आधी नवी उरकली. गॅरेज आता ती चालवायची, पण हातोडा धरायला तिला सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनीच शिकवलेलं. नवीच्या अंगात ठोकण्यासारखं काही नव्हतंच. आत फोम, वर कागदासारखा पत्रा, सगळं चिकटवलेलं. तिने अख्खी बाजू कापून काढली, कंपनीकडून आलेली दुसरी चिकटवली.

"दात दुखला म्हणून थोबाडच बदललं," खुर्चीवरून आप्पा.

"तुमचंही बदलू का?"

"माझी गाडी बघ. पत्रा उतरव, ठोक, लाव. चहा थंड व्हायच्या आत."

सासूबाई गेल्यापासून आप्पा त्या जुन्या गाडीतच राहायचे. दोघांनी हौसेने घेतलेली. घरात या म्हटलं की ऐकूच यायचं नाही. दरवर्षी वरपासून खालपर्यंत एकेक फट सिलिकॉनने बुजवायचे आणि मिरवायचे, "थेंब शिरायचा नाही!"

तिने कडेची पट्टी उपटली. स्क्रू नुसत्या बोटांनी निघाले. पत्रा उतरला तसं काळं पाणी भसकन चपलांवर सांडलं. खालची फट पाणी बाहेर पडायला असते. आप्पांनी तीच बुजवलेली. छपरातून शिरलेलं पाणी इतकी वर्षं आतच मुरत बसलं. तिने आतल्या लाकडी सांगाड्यात बोट खुपसलं, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा लगदा हातात आला. दुसरी पट्टी काढली. तेच. पार छपरापर्यंत तेच. गाडी पत्र्याच्या जिवावर उभी होती, आणि तोच तिने काढला होता.

"आप्पा, आज घरात झोपा."

"का? आण इकडे तो पत्रा."

कप धरताना थरथरणारा हात हातोड्यावर गप्प झाला. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून टकटक, टकटक. मग त्यांनी पत्रा उन्हात तिरका धरला.

"सांग, कुठे होता पोचा?"

तिने वाकून पाहिलं. खरंच दिसत नव्हता.

त्यांनी पत्रा जागेवर टेकवला, दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. वर छप्पर करकरलं, बोटभर खाली बसलं.

"लाव ना गं."

मुठीतले स्क्रू तिला टोचत होते.

"कशात लावू, आप्पा?"

त्यांनी पत्र्याच्या कडेच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. पण हात काही काढले नाहीत.